राऊटरचा डबा बसवून जाताय, पण फायरवॉल कोण लावणार?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

परवाच्या पुरवणीत नेट स्लो होत असेल तर काय करावं यावर लेख आला होता. चांगला होता, राऊटर कपाटामागं ठेवू नका, वायफायचा पासवर्ड सगळ्या गल्लीला वाटू नका हे सगळं बरोबरच आहे, पण शेवटी एका ओळीत लिहिलंय की सायबर हल्ल्यापासून वाचायचं असेल तर राऊटरची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं नको ते अडवणारी सोय, ऑन करा. एवढंच. ऑन करा म्हणजे कुठं जाऊन काय करा, केल्यावर काय थांबतंय आणि काय थांबत नाही यावर एक शब्द नाही. मी सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात दवाखाने, मार्केट यार्डातल्या पेढ्या, कोल्ड स्टोरेज, क्लासेस यांच्या नेटवर्कची कामं करतो आणि रोज जे बघतो त्यावरून सांगतो, बहुतेक ठिकाणी ही 'ऑन' असलेली फायरवॉल नुसती नावाला ऑन असते. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कापायचंच झालं तर बाकीचं कापा, सेटिंगचा भाग ठेवा ही विनंती.

पहिला गैरसमज आधी काढूया. कुठल्याही दुकानात विषय काढला की मालक म्हणतात, 'आमच्या एवढ्याशा धंद्यावर कोण हल्ला करणार, आमच्याकडं आहे काय?' अहो, तुम्हाला कुणी निवडत नाही. आयपी व्हर्जन फोरचे, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या नंबरांचे, एकूण पत्ते आहेत साधारण ४२९ कोटी, आणि हा आकडा माणसाला मोठा वाटला तरी मशीनला काही वाटत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये झीमॅप नावाचं टूल काढलं, एक गिगाबिटची लाईन असेल तर त्यानं सगळ्या जगाच्या पत्त्यांवर एक पोर्ट, म्हणजे आत यायचा नंबर दिलेला दरवाजा, उघडा आहे की बंद हे पाऊण तासात बघून होतं. ही २०१३ ची गोष्ट. शोडान म्हणून सर्च इंजिन २००९ पासून आहे, त्यात वेबसाईट नाही तर इंटरनेटला लागलेली उपकरणं शोधता येतात, कॅमेरे, राऊटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारे डीव्हीआर, कारखान्यातले कंट्रोलर, सगळं. म्हणजे पत्ता चालू झाला की त्याच्यावर चाचपणी सुरू होतेच, मग तो पत्ता बँकेचा असो नाहीतर गणपती पेठेतल्या किराणा दुकानाचा.

यार्डातल्या एका हळदीच्या पेढीत सीसीटीव्ही मोबाईलवर बघायला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून सरळ पोचता येणारा पत्ता, घेतलेला होता. मालकांचा विश्वास बसेना म्हणून राऊटरचा लॉग, म्हणजे कोण आलं-गेलं याची नोंद, चालू केला आणि त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. ओळीमागून ओळ पडायला लागली, पोर्ट २३, परत २३, मग ८२९१, मग २२, मग ३३८९, ५०६०, परत २३, प्रत्येक ओळीत बाहेरचा पत्ता वेगळा. त्यांना प्रत्येक नंबरचा अर्थ सांगितला. २३ म्हणजे टेलनेट, जुन्या कॅमेऱ्यात आणि मोडेममध्ये आत शिरायचा रस्ता. ८२९१ म्हणजे विनबॉक्स, मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरची सेटिंग करायचं. २२ म्हणजे एसएसएच, कमांडनं लांबून लॉगिन करायचा रस्ता. ३३८९ म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, अकाउंटंट घरातून टॅली बघायला उघडून ठेवतात तो. ५०६० म्हणजे आयपी फोन. यातलं कोणीही 'हळदीची पेढी' म्हणून आलेलं नव्हतं, नंबर दिसला म्हणून आलं होतं. मालक बराच वेळ बघत बसले आणि मग एवढंच म्हणाले, 'हे सगळं रोज होतंय?' रोज होतंय. तुमच्याही घरी होतंय, लॉग बंद आहे म्हणून दिसत नाही.

आता यातून काय होतं ते सांगतो, कारण 'चाचपणी झाली तर झाली' असं म्हणणारेही भेटतात. २०१६ मध्ये मिराई नावाचा मालवेअर, म्हणजे घातकी प्रोग्रॅम, आला. त्याच्याकडं जादू काही नव्हती, फॅक्टरीतून आलेल्या युजरनेम आणि पासवर्डच्या साठच्या आसपास जोड्या होत्या, ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५ असल्या, त्या घेऊन तो टेलनेट उघडं असलेल्या कॅमेऱ्यांवर आणि राऊटरवर ट्राय करत सुटला. लाखो डबे ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला डाईन या अमेरिकन डीएनएस कंपनीवर, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर, सोडले, त्या दिवशी ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट सारख्या साईट तिकडं तासन्‌तास उघडेनात. ज्यांच्या घरातून हा हल्ला गेला त्यांना पत्ता पण नव्हता, त्यांचा कॅमेरा नीट चालू होता. पुढच्याच महिन्यात त्याच जातीच्या मालवेअरनं जर्मनीत डॉइशे टेलिकॉमच्या नऊ लाखांच्या आसपास ग्राहकांचं नेट घालवलं, तिथं पोर्ट होतं ७५४७, कंपनीला लांबून राऊटरची सेटिंग करता यावी म्हणून ठेवलेलं. आणि हे सगळं परदेशातलंच आहे असं नाही, जुलै २०१७ मध्ये आपल्या बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर असाच मालवेअर आला, हजारो लोकांची लाईन गेली, कारण मोडेमचा पासवर्ड फॅक्टरीतून आला तोच राहिलेला, आणि शेवटी ग्राहकांनाच पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं.

आपल्याकडच्या केबल ऑपरेटरांसाठी मायक्रोटिकची गोष्ट जास्त महत्त्वाची. २०१८ मध्ये विनबॉक्समध्ये एक भोक सापडलं ज्यातून राऊटरची पासवर्डची फाईलच बाहेर काढता येत होती. कंपनीनं एप्रिल २०१८ मध्येच दुरुस्तीचं व्हर्जन दिलं, पण अपडेट करतंय कोण, चालतंय ना, मग हात लावू नका हा आपला नियम. त्याच वर्षी जगभर लाखाच्या घरात मायक्रोटिक राऊटर दुसऱ्यासाठी क्रिप्टोकरन्सी खणायला जुंपले गेले, आणि २०२१ ला मेरिस नावाचा बॉटनेट, म्हणजे ताब्यात घेतलेल्या डब्यांची फौज, निघाला तो पण मुख्यतः याच राऊटरांचा, रशियाच्या यांडेक्स या सर्च कंपनीवर त्यानं सेकंदाला २ कोटी १८ लाख रिक्वेस्ट मारल्या. राऊटर वाईट नाही, उलट मला तोच आवडतो, पण तो उघडा टाकला की जेवढा ताकदवान तेवढा धोक्याचा.

आता कामाचं. फायरवॉल लावायची म्हणजे मूळ नियम एकच, बाहेरून स्वतःहून आलेलं काहीच आत घ्यायचं नाही, आपण आतून मागितलेल्याचं उत्तर असेल तेवढंच घ्यायचं. राऊटर आतून गेलेल्या प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो, उत्तर आलं की नोंद बघतो आणि सोडतो, नोंद नसेल तर टाकून देतो. नियमांचा क्रम पण याच हिशोबानं लागतो, सगळ्यात वर चालू असलेल्या कनेक्शनला परवानगी, त्याखाली अर्धवट मोडकी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, टाकून द्यायची, मग आतल्या लोकांना परवानगी, आणि सगळ्यात शेवटी बाकी सगळं ड्रॉप, म्हणजे टाकून द्यायचं. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की काम संपलं, त्यामुळं ड्रॉप चुकून वर गेला तर आपणच राऊटरच्या बाहेर, आणि सगळ्याला परवानगी देणारा नियम वर राहिला तर खाली कितीही ड्रॉप लिहा, उपयोग शून्य. मी बघितलेल्या सेटिंगांपैकी निम्म्यांचा रोग हाच असतो, कुणीतरी कॅमेरा चालेना म्हणून घाईत वर एक परवानगीचा नियम टाकलेला असतो आणि तो तसाच राहतो.

दुसरा एक खड्डा आपल्याच भागात जास्त आहे म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्याकडं बहुतेक फायबर कनेक्शन पीपीपीओई वर चालतात, म्हणजे युजरनेम पासवर्ड टाकून राऊटर डायल करतो तसं. मायक्रोटिकच्या जुन्या व्हर्जनच्या तयार सेटिंगमध्ये ड्रॉपचा नियम पहिल्या पोर्टला, ईथर-वनला बांधलेला असायचा. पण पीपीपीओई लावलं की बाहेरचा ट्रॅफिक ईथर-वन म्हणून येतच नाही, तो पीपीपीओई-आऊट या वेगळ्या नावानं येतो, म्हणजे नियम आहे, हिरवा दिसतोय, पण त्याच्यावर एक पॅकेट आपटत नाही. नियमासमोरचा काउंटर बघायचा, दिवसभर चालू लाईनवर शेवटच्या ड्रॉपचा आकडा शून्य दिसला तर समजायचं की फायरवॉल भलत्याच दारावर उभी आहे. नवीन व्हर्जनमध्ये 'लॅन मधून न आलेलं सगळं ड्रॉप' असा नियम असतो (लॅन म्हणजे आतलं नेटवर्क), तो जास्त बरा, नाहीतर पीपीपीओईला वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, यादीत टाकून घ्या.

मग येतात ते मुद्दाम उघडलेले पोर्ट. डीव्हीआरवाला येतो, पोर्ट फॉरवर्ड करतो, मोबाईलवर चित्र आलं की पैसे घेऊन जातो. त्या डीव्हीआरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, पाच-सात वर्षं जुनं, पासवर्ड ॲडमिन किंवा दुकानाच्या नावापुढं १२३. पोर्ट फॉरवर्ड केलं म्हणजे फायरवॉलला आपण स्वतः सांगितलं की याला आत सोड, मग बाकी कितीही कडक नियम असू दे. कॅमेरे लांबून बघायचेच असतील तर राऊटरवर व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्यासाठीचा कुलूपबंद रस्ता, लावा, त्यातलं वायरगार्ड आता बऱ्याच राऊटरवर आणि सगळ्या मोबाईलवर चालतं, एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. आणि यूपीएनपी बंद करा. यूपीएनपी म्हणजे आतलं उपकरण राऊटरला परस्पर सांगतं की माझ्यासाठी अमुक पोर्ट उघड, आणि राऊटर कुणाला न विचारता उघडतो. घरात गेम खेळणारी पोरं तक्रार करतील थोडी, तेवढ्या एका गेमचं पोर्ट हातानं उघडून देता येतं. रिमोट मॅनेजमेंट नावाचं बटण असतं तेही बंद, राऊटरच्या लॉगिनचं पान इंटरनेटवरून उघडायचं कारणच नाही.

पिंगबद्दल, म्हणजे 'चालू आहेस का' असं बाहेरून विचारण्याबद्दल, लोकांचा फार आग्रह असतो, 'वॅनवरून पिंग बंद करा म्हणजे तुम्ही दिसतच नाही'. माझं मत वेगळं आहे. पिंग बंद केल्यानं कोण दिसायचा राहत नाही, पोर्ट तपासणारे पिंग न करताच थेट पोर्ट तपासतात. बंद करायचं तर करा, नुकसान फार नाही, मी स्वतः सेकंदाला थोडी पॅकेट एवढी मर्यादा लावून चालू ठेवतो कारण लाईन गेली की बाहेरून तपासता येतं. पण आयसीएमपी, म्हणजे पिंगसकट नेटवर्कचे निरोप ज्यातून जातात ते, सगळंच्या सगळं ड्रॉप करणं हा मूर्खपणा आहे, स्पष्ट लिहितो. पीपीपीओईवर पॅकेटची कमाल साईज १५०० ची १४९२ होते, मधल्या कुठल्या राऊटरला पॅकेट मोठं झालं तर तो आयसीएमपीनंच सांगतो की छोटं करून पाठव. तो निरोपच अडवला की मग काही साईट उघडतात आणि काही अर्ध्यातच लटकतात, बँकेचं लॉगिन पान येतं, पुढं जात नाही, आणि माणूस तीन दिवस बँकेला शिव्या घालत बसतो.

आता डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवा बंद पाडणारा मारा, ज्याला सगळे डॉस अटॅक म्हणतात. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र केल्यानंच गोंधळ होतो. एक प्रकार राऊटरला दमवणारा. कनेक्शन सुरू करताना समोरून सिन ('जोडू का?') येतं, आपण सिन-ॲक ('जोड') देतो, मग समोरून ॲक ('जोडलं') येतं आणि कनेक्शन लागतं. हल्ला करणारा नुसते सिन पाठवत राहतो, तेही खोट्या पत्त्यावरून, आणि तिसरी पायरी कधी येतच नाही, आपल्याकडं अर्धवट कनेक्शनांचा ढीग साचतो. ही चाल जुनी आहे, सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स नावाची इंटरनेट कंपनी याच सिन फ्लडनं कित्येक दिवस आडवी झाली होती. त्यावरचा उपाय पण त्याच वर्षीचा, सिन कुकी, म्हणजे अर्धवट कनेक्शनसाठी जागाच अडवायची नाही, लागणारी माहिती उत्तराच्या सिक्वेन्स नंबरमध्येच भरून पाठवायची आणि समोरचा खरा असेल तर तो ती परत घेऊन येतो. आजच्या लिनक्सवर चालणाऱ्या राऊटरांत ही सोय असते, मायक्रोटिकमध्ये आयपी सेटिंग्जमध्ये एक टिक आहे फक्त. ही टिक राऊटरच्या स्वतःच्या पोर्टांना वाचवते हे मात्र लक्षात ठेवा, फॉरवर्ड केलेल्या पोर्टावरचा मारा आतल्या मशीनवरच जातो, म्हणून परत तेच, पोर्ट फॉरवर्ड कमी करा.

दमवणारा हल्ला ओळखायची खूण सांगतो, ही फार उपयोगी पडते. राऊटर ज्या नोंदवहीत कनेक्शन लिहितो ती भरली की नवीन नोंद होत नाही, पण जुन्या चालू राहतात. त्यामुळं ऑफिसात असं दिसतं की एकाचा चालू असलेला कॉल मस्त चाललाय आणि शेजारच्याला गुगलचं पान उघडेना, स्पीड टेस्ट सुरूच होत नाही, वायफायची सगळी काडी फुल्ल, राऊटर बंद करून चालू केला की दहा मिनिटं बरं आणि परत तेच. लिनक्सच्या लॉगमध्ये तेव्हा चक्क लिहून येतं, कॉन्ट्रॅक टेबल (म्हणजे हीच नोंदवही) फुल, पॅकेट ड्रॉप करतोय. लोक केबलवाल्याला फोन करतात, तो म्हणतो लाईन ओके आहे, आणि तो खोटं बोलत नसतो. अशा वेळी टेबलची मर्यादा मेमरीच्या मानानं वाढवायची, निष्क्रिय कनेक्शनची मुदत कमी करायची, लिनक्सची मूळची मुदत पाच दिवस आहे, घरच्या किंवा दुकानाच्या राऊटरला एवढी कशाला पाहिजे, दोन तास पुष्कळ झाले. आणि ज्याच्याकडं सोय आहे त्यानं कचरा पॅकेट नोंदवहीत जायच्या आधीच टाकावीत, मायक्रोटिकमध्ये त्यासाठी रॉ टेबल आहे, त्यात ड्रॉप केलं की सीपीयूवर भार फार कमी येतो. आणि हो, बऱ्याचदा टेबल भरणारा बाहेरचा नसतोच, ऑफिसातलाच एखादा व्हायरस लागलेला कॉम्प्युटर असतो, कुठल्या आतल्या पत्त्याची कनेक्शनं हजारांत आहेत ते आधी बघा.

घरगुती राऊटरात डॉस प्रोटेक्शन नावाचं पान असतं, त्याचं एक सांगतो. टीपी-लिंकच्या जुन्या मॉडेलांत तिथं आयसीएमपी, यूडीपी (आधी कनेक्शन न जोडता पाठवलेली पॅकेट) आणि सिन असे तीन फिल्टर येतात, मूळचे आकडे सेकंदाला ५०, ५०० आणि ५० पॅकेटचे, आणि स्टॅटिस्टिक्स चालू केल्याशिवाय ते चालूच होत नाहीत, म्हणजे कितीतरी लोक टिक करून निश्चिंत झालेत आणि आत काही चाललेलंच नाही. चालू केलं की दुसरी गंमत नाही तर ताप, यूडीपीचा ५०० हा आकडा जुन्या काळातला आहे. आता यूट्यूब सुद्धा क्विकवर म्हणजे यूडीपीवर चालतं, एका चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन-तीनशे पॅकेट सहज लागतात, त्यामुळं पोराचा ऑनलाईन क्लास चालू असताना राऊटर त्याच्याच लॅपटॉपला हल्लेखोर समजून ब्लॉक करतो. ब्लॉक झालेल्यांची यादी त्याच भागात दिसते, ती एकदा उघडून बघा. माझा सल्ला, सिन आणि आयसीएमपीचे फिल्टर ठेवा, यूडीपीचा आकडा तुमच्या नेहमीच्या वापराच्या दोन-तीन पट लावा, आणि लावायच्या आधी नेहमीचा वापर किती ते त्याच स्टॅटिस्टिक्सच्या पानावर संध्याकाळी गर्दीच्या वेळी बघून घ्या.

आणि एक मोठा प्रकार, ज्यात आपण मार खात नाही तर मारणाऱ्याच्या हातात असतो. राऊटरवर डीएनएस चालू असतो, आतल्या लोकांसाठी. तो बाहेरच्यांना पण उत्तर देत असेल, म्हणजे पोर्ट ५३ वॅनवर उघडं असेल, तर कुणीही खोट्या पत्त्यावरून छोटा प्रश्न विचारतो आणि आपला राऊटर मोठं उत्तर भलत्याच माणसावर फेकतो. डीएनएसमध्ये प्रश्नापेक्षा उत्तर पन्नास पटीपर्यंत मोठं निघू शकतं. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या स्पॅम अडवणाऱ्या संस्थेवर असाच हल्ला झाला होता, ३०० गिगाबिटच्या घरातला, जगभरच्या उघड्या डीएनएस सर्व्हरांना वापरून. फेब्रुवारी २०१८ ला गिटहब या प्रोग्रॅमरांच्या साईटवर मेमकॅश्ड नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरमधून १.३५ टेराबिटचा आला. दुकान बंद आहे, शटर खाली आहे आणि अपलोड फुल्ल चाललंय असं दिसलं की पहिल्यांदा पोर्ट ५३ बघायचं. मायक्रोटिकमध्ये रिमोट रिक्वेस्टला परवानगी ही टिक लॅनसाठी लागतेच, म्हणून ती न काढता फायरवॉलमध्ये वॅनवरून येणारं ५३ यूडीपी आणि टीसीपी (कनेक्शन जोडून चालणारं) दोन्ही ड्रॉप करायचं.

दुसरा डॉस म्हणजे लाईनच भरून टाकणारा. इथं मात्र खोटी आशा कुणी दाखवू नये. तुमची लाईन १०० एमबीपीएसची आहे आणि कुणी एक गिगाबिट सोडला तर तुमचा राऊटर पाच हजाराचा असो नाहीतर पाच लाखाचा, तो एकेक पॅकेट ड्रॉप करेल सुद्धा, पण लाईन त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच भरलेली असते. सांगलीकरांना हे सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा २०१९ ला कुणी आपल्या उंबऱ्यावर पोती रचून पूर अडवला नाही, त्याचा हिशोब वर कोयनेतून किती सोडतात इथं होतो. तसं हे काम वरच्या कंपनीचं आहे. ज्या पत्त्यावर मारा चाललाय तो ब्लॅकहोल करणं, म्हणजे त्याच्याकडं जाणारं सगळं वरच टाकून देणं, किंवा ट्रॅफिक गाळून देणारी सेवा लावणं हे त्यांनाच जमतं. जुलै २०१६ मध्ये मुंबईच्या इंटरनेट कंपन्यांवरच असा हल्ला झाला होता आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला होता, तेव्हा तर कंपन्याच अडचणीत होत्या. म्हणून 'डीडॉस प्रूफ राऊटर' (डीडॉस म्हणजे अनेक डब्यांवरून एकदम केलेला डॉस) म्हणून कुणी महाग डबा गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

पण वरच्यांचं अजून एक काम आहे जे फुकट आहे आणि तरी होत नाही. खोट्या पत्त्यावरून निघालेलं पॅकेट आपल्या नेटवर्कमधून बाहेर जाऊच द्यायचं नाही, ग्राहकाला जो पत्ता दिलाय त्याच पत्त्यावरून आलं तरच पुढं सोडायचं. हा नियम मे २००० पासून आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहून ठेवलेला आहे, नेटवर्कवाले त्याला बीसीपी ३८ म्हणतात. प्रत्येक लहान ऑपरेटरनं आपापल्या गावात एवढं केलं तर वर सांगितलेले डीएनएसचे हल्ले मुळातच निघू शकत नाहीत, कारण ते सगळे खोट्या पत्त्यावर उभे आहेत. मायक्रोटिकवर ही तपासणी करणारा रिव्हर्स पाथ फिल्टर स्ट्रिक्ट करणं म्हणजे एक ओळ, फक्त जिथं दोन लाईनी लोड बॅलन्सला आहेत तिथं लूज ठेवा नाहीतर खरा ट्रॅफिक पण अडेल.

काही जण म्हणतील आम्हाला पब्लिक आयपीच नाही. बरोबर, बऱ्याच कनेक्शनला आता शेअर केलेला पत्ता असतो. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा दिसला तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या नॅटच्या, म्हणजे एक पत्ता अनेकांत वाटणाऱ्या सोयीच्या, मागं आहात, बाहेरून सरळ कोण येत नाही. पण त्याच कंपनीचे बाकीचे ग्राहक, त्यांच्यातला एखादा मालवेअर लागलेला डबा, तो तुमच्यापर्यंत येऊ शकतो जर कंपनीनं ग्राहक एकमेकांपासून वेगळे केले नसतील तर. आणि आयपीव्ही सिक्स, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, विसरू नका, त्यात नॅट नसतोच, घरातल्या टीव्हीला सुद्धा स्वतःचा जगभर चालणारा पत्ता मिळतो, मग मधे उभी असते ती फक्त फायरवॉल. व्ही फोरला कडक नियम आणि व्ही सिक्सचं पान कधी उघडलेलंच नाही असे राऊटर मी बघतोय. तिथंही तोच नियम, मागितल्याचं उत्तर सोडून बाकी ड्रॉप, फक्त आयसीएमपीव्ही सिक्स अजिबात सरसकट बंद करू नका, त्याच्याशिवाय व्ही सिक्स चालतच नाही.

आता माझी खरी तक्रार. हे सगळं ग्राहकानं का करायचं? मिरजेच्या एका दवाखान्यात मी डॉक्टरांना राऊटरचा ॲडमिन पासवर्ड विचारला तर त्यांना माहीत नाही, कनेक्शन देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे आम्ही ग्राहकाला देत नाही. बरं देऊ नका, पण मग फायरवॉल तुमची जबाबदारी आहे ना? तर तेही नाही, रिमोट मॅनेजमेंट सगळ्या जगाला उघडं, कारण त्यांच्या पोरांना घरबसल्या सेटिंग करता यावी. अहो, ते उघडायचं तर तुमच्या ऑफिसच्या एका पत्त्याला उघडा, नियमात सोर्स ॲड्रेस टाकायला किती वेळ लागतो? इंग्लंडमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्यानं असले सगळ्यांना सारखेच असणारे डीफॉल्ट पासवर्ड विकायला बंदी आहे, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून. आपल्याकडं कायद्याची वाट बघायची गरज नाही, जिल्ह्यातल्या ऑपरेटरांनी एकत्र बसून ठरवलं तर पुढच्या महिन्यापासून प्रत्येक नवीन डबा वेगळ्या पासवर्डचा, वॅनकडून सगळं बंद, यूपीएनपी बंद असाच बसवता येईल. बसवणाऱ्या पोरांना अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग द्या, ती हुशार आहेत, त्यांना कुणी सांगितलेलं नाही एवढंच. ग्रामपंचायतीत फायबर गेलं, शाळांत गेलं, तिथं तर ज्यानं डबा लावला तो परत कधी दिसत नाही.

ज्यांनी सेटिंग केली त्यांनी तपासून पण बघा. आपला स्वतःचाच पब्लिक पत्ता, दुसऱ्याचा नाही, बाहेरच्या नेटवर्कवरून म्हणजे मोबाईलचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावर स्कॅन करायचा. आतून स्कॅन केलं तर राऊटर आतल्या नियमानं उत्तर देतो, त्यातून काही कळत नाही. उगाच दुसऱ्याच्या नेटवर्कवर हात चालवू नका, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये दुसऱ्याच्या कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरणं किंवा ते बंद पाडणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, कॉलेजच्या पोरांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

आणि खरंच हल्ला झाला तर १९३० वर फोन आहे, सायबर क्राईमचं पोर्टल आहे. कंपन्यांना आणि इंटरनेट देणाऱ्यांना तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं अशी घटना सहा तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे. त्या आदेशाच्या यादीत डॉस हल्ले आहेत तसं महत्त्वाच्या सिस्टीमवरची चाचपणी पण आहे. बॉटनेटचा मालवेअर काढायची मोफत टूल सर्ट-इनच्याच सायबर स्वच्छता केंद्रावर २०१७ पासून मिळतात. पण तक्रार करताना हातात लॉग पाहिजे, आणि इथं एक बारीक गोष्ट सगळे विसरतात. राऊटरचं घड्याळ. बऱ्याच डब्यांना बॅटरी नसते, लाईट गेली की घड्याळ १ जानेवारी १९७० ला जातं, आणि एनटीपी (नेटवरून वेळ जुळवायची सोय) लावलेलं नसेल तर तिथूनच चालत राहतं. शेअर केलेल्या पत्त्यामागं शेकडो लोक असतात, कुठल्या क्षणाला कोण होतं हे वेळेशिवाय आणि पोर्ट नंबरशिवाय सापडत नाही. म्हणून एनटीपी चालू करा, टाईमझोन साडेपाच तासांचा लावा, आणि लॉग राऊटरच्या मेमरीत न ठेवता ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर पाठवा, कारण राऊटर रिस्टार्ट केला की आतला लॉग पुसला जातो आणि आपल्याकडं पहिला उपाय रिस्टार्टच असतो.

पुढच्या पुरवणीत हा विषय घेणार असाल तर मायक्रोटिक आणि दोन-तीन घरगुती राऊटरांचे स्क्रीनशॉट मी पाठवायला तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक नेटवर्क टेक्निशियन,
विश्रामबाग, सांगली